चपलांची फळी

मी चेन्नईला गेले ती फिरायला नव्हे. लेकीला समोर बसवून "आता बस झालं" असं सांगायला गेले.

वृषाली तेहतीस वर्षांची आहे. वेलचेरीत राहते, संगणकाच्या कंपनीत नोकरी करते आणि दीड वर्षापासून सुट्टीच्या दिवशी समुद्रावर काइटबोर्डिंग करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. खोलीएवढा मोठा पतंग पंपाने हवा भरून ताठ करायचा, त्याच्या दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवायच्या, पाय एका फळीवर रोवायचे आणि वारा ओढत नेईल तसं लाटांवरून धावायचं. तिने पाठवलेली चित्रफीत मी एकदा पाहिली आणि फोन उपडा ठेवला.

तीन महिने वाद झाले. शेवटी ती म्हणाली, "आई, तू चार दिवस ये. किनाऱ्यावर बसून स्वतः बघ. त्यानंतर नको म्हणालीस तर मी सोडून देईन. शब्द."

वृषाली दिलेला शब्द मोडत नाही. तिकीट काढलं ते त्याच भरवशावर. नको म्हणायचं हे ठरलेलंच होतं. चार दिवस बसणं ही निव्वळ औपचारिकता.

जूनचा पहिला आठवडा. पुण्याहून गाडी, थर्ड एसी, साधारण वीस तास. शिदोरीला दशम्या आणि लसणाची चटणी घेतली होती, रेल्वेचं जेवण मला मानवत नाही. चेन्नई सेंट्रलला उतरल्यावर टॅक्सीवाल्यांकडे लक्ष न देता रस्ता ओलांडून पार्क टाउन स्थानकात जावं. तिथून वेलचेरीची उन्नत रेल्वे मिळते. तिकीट चहाच्या कपाएवढ्या पैशांत आणि बसायला खिडकी. शेवटच्या स्थानकावर वृषाली उभी होती. काळी पडली होती आणि खांदे रुंद झाले होते.

"किती रापलीस!"

"आई, आधी पिशवी दे, मग बोल."

तिचं घर तळमजल्यावर आहे. मी अंघोळ करून लगेच केरसुणी घेतली. कपाट विटांवर चढवलेलं पाहून नवल वाटलं. ते थोडं सरकवलं तर मागच्या भिंतीवर माझ्या छातीच्या उंचीला एक आडवी तपकिरी रेघ.

"हे काय?"

"जुनी ओल आहे गं," ती म्हणाली आणि भात लावायला निघून गेली. ओल अशी पट्टीने आखल्यासारखी नसते. पण गाडीचा शीण होता, मी तो विषय तिथेच सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरवर मागे बसून ईसीआरने, म्हणजे समुद्राच्या कडेने पुदुच्चेरीकडे जाणाऱ्या रस्त्याने, दक्षिणेला गेलो. स्वतःची गाडी नसेल तर तिरुवान्मियूरहून बस मिळते. वाटेत इडली आणि काफी घेतली. तिथे काफीच म्हणतात आणि तीच चांगली लागते. तासाभराने एका मासेमार गावात वळलो. गावाचं नाव देत नाही, तिथे आधीच पुरेशी गर्दी आहे.

खडशेरणीच्या, म्हणजे सुरूच्या, झाडांमागे एक पडवी. पडवीत एक शिवणयंत्र, त्यावर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ फाटलेल्या पतंगाला ठिगळ लावत होते. हे नरसिंगराव, पतंगवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष. बँकेतून निवृत्त. संघटना म्हणजे चाळीसेक माणसं, सगळी आपापल्या नोकऱ्या सांभाळून येणारी, पगार कोणालाच नाही. नरसिंगराव स्वतः पतंग उडवत नाहीत. "मज शिवणें येतें, म्हणून अध्यक्ष केलें," ते म्हणाले आणि मी चमकून पाहिलं. त्यांचं घराणं तंजावूरच्या मराठ्यांचं. बोलणं जुन्या पत्रातल्यासारखं, हेल मात्र पूर्ण तमिळ.

"आमचें मराठी ऐकून हसूं नका हो अक्का."

"हसत नाही. फक्त अक्का म्हणू नका. मी तुमच्याहून लहान असेन."

"सेरि, सेरि," म्हणजे बरं बरं, असं म्हणून ते परत अक्काच म्हणाले.

समुद्रावर एकही पतंग नव्हता. अकरा वाजले होते, मी कारण विचारलं. गावाशी केलेला करार असा की मासेमारीच्या सगळ्या होड्या वाळूवर लागल्याशिवाय पतंग वर जायचा नाही. किनाऱ्याचा उत्तरेकडचा भाग जाळ्यांचा, तिकडे जायचंच नाही. पाण्यात तुटकं जाळं तरंगताना दिसलं तर पतंगवाल्याने ते ओढून आणायचं, कारण त्यात कासवं अडकतात आणि होड्यांचे पंखेही. शनिवारी गावातल्या बायकामुलांना पोहायला शिकवायचं. त्याच्या बदल्यात गावाची एक होडी संध्याकाळपर्यंत तयार उभी राहते. मला करार आवडतात. हा चोख होता.

पण मी मान हलवली नाही. मी नको म्हणायला आले होते.

दीड वाजता समुद्राकडून वारा सुटला. क्षणात सगळी पडवी धावली. वृषाली कमरेचा पट्टा आवळत म्हणाली, "आई, तू इथे सावलीत बस. सेल्वी अक्का येतीलच, त्या आहेत." आणि गेली.

मी दोन तास बसले. पतंग पाहिले, सतरा मोजले, वृषालीचा हिरवा ओळखला. ती उडी मारी तेव्हा मी डोळे मिटून घेई. शेवटी कंटाळून उठले. झाडांच्या कडेला पिळ्ळैयारची, म्हणजे गणपतीची, लहानशी घुमटी होती. घुमटीच्या बाजूला एक लांब लाकडी फळी आणि फळीवर चपला ओळीने मांडलेल्या. देवळाबाहेर असतात तशाच. मीही माझ्या कोल्हापुरी चपला काढल्या, टोकं बाहेरच्या बाजूला करून नीट ठेवल्या, गणपतीला हात जोडले. वाळू चटके देत होती, म्हणून तशीच पुढे ओल्या वाळूवर उतरले. पाण्याच्या कडेने चालायला बरं वाटलं. चालत राहिले. खाडीच्या मुखापर्यंत गेले, तिथल्या खडकावर बसले, एक शंख उचलला. फोन पडवीत पिशवीत होता.

परत फिरले तेव्हा सूर्य झाडांमागे गेला होता. लांबून पाहिलं तर फळीपाशी माणसं जमलेली. एक होडी लाटांच्या पलीकडे आडवी फिरत होती, तिच्यावर एकजण उभा राहून पाण्यात पाहत होता. चारजण दक्षिणेकडे पळत गेले. कोणीतरी बुडालं, मी मनाशी म्हटलं. आणि माझं हेच तर म्हणणं होतं.

जवळ गेल्यावर वृषाली दिसली. ती वाळूवर गुडघे टेकून बसली होती आणि तिच्या हातात माझ्या चपला होत्या.

तिने मला पाहिलं. उठली.

"आई, तू चप्पल कुठे काढलीस?"

"गणपतीसमोर. का?"

तोवर एका ठेंगण्या, काळ्यासावळ्या बाईने गळ्यातली शिट्टी तीनदा फुंकली आणि होडी वळली. ह्याच सेल्वी अक्का. मासे विकतात आणि दुपारनंतर फळी सांभाळतात. त्या माझ्यासमोर आल्या, कमरेवर हात ठेवून तमिळमध्ये एक लांबलचक वाक्य बोलल्या.

"काय म्हणतात?"

वृषालीने नाक पुसलं. "म्हणतात, शिकलेली दिसते, पण पायात बुद्धी नाही."

मग फळीचा नियम कळला. पाण्यात जाणाऱ्याने चपला फळीवर ठेवायच्या, बाहेर आल्यावर घालायच्या. फळीवर एक जोड जरी उरला तरी कोणी घरी जात नाही आणि होडी निघते. चपला कोणाच्या हे विचारत बसायचं नाही, आधी निघायचं. त्या दिवशी सतरा पतंग उतरले, सतरा माणसं मोजली गेली, तरी एक जोड उरला. अक्का अर्ध्या घटकेपुरत्या पाणी आणायला गेल्या होत्या, त्यांनी मला पाहिलं नव्हतं. वृषालीने चपला ओळखल्या आणि सांगितलं की आईला पोहता येत नाही.

मी वाळूवर बसलेच.

मी तीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते. आमच्याकडे शेडमध्ये शिरताना पितळी बिल्ला खुंटीला अडकवायचा आणि बाहेर पडताना काढून घ्यायचा. खुंटीवर एक बिल्ला राहिला तरी शेडला कुलूप लागत नसे. बिल्ला विसरणाऱ्याला मी सगळ्यांसमोर झापत असे. एका वयस्कर कामगाराच्या डोळ्यांत त्यामुळे पाणी आलेलं आठवतं, आणि तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

इथे मला कोणी झापलं नाही. होडीवाला मुरुगन, अक्कांचा दीर, भिजलेला होता. तो मला पाहून हसला आणि होडी वर ओढायला लागला. शोधणाऱ्या माणसांनी फक्त एवढंच केलं की एकेकाने फळीकडे पाहून घेतलं, रिकामी आहे ना, आणि मग आपापल्या गाड्या काढल्या.

"नियम आहे अक्का," नरसिंगराव म्हणाले. "ज्याचे चपलेनें होडी गेली, त्यानें उद्यां फळीवर बसावें. वडील माणूस असो वा लहान."

"बसते," मी म्हटलं. "असाच नियम हवा."

त्या रात्री वृषालीने ताकभात केला. वाढताना म्हणाली, "अर्धा तास, आई. तू पाण्यात आहेस असं अर्धा तास वाटत होतं मला." मी म्हणणार होते की मला दीड वर्ष वाटतंय. म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी बाराच्या आधी फळीपाशी हजर. अक्कांनी शिट्टी माझ्या गळ्यात घातली आणि शेजारी टोपली ठेवून बसल्या. मी सुचवलं की चपलांऐवजी क्रमांकाचे पितळी बिल्ले करावेत, जॉर्ज टाउनच्या बाजारात घाऊक मिळतील, जास्त शिस्तीचं होईल. नरसिंगरावांनी ते तमिळमध्ये सांगितलं. अक्का खो खो हसल्या.

"ती म्हणते, बिल्ला खिशांत विसरून मनुष्य घरीं जाईल. ह्या वाळूवर चपलेवांचून कोण घरीं जाईल? तुम्हां एकीवांचून?"

तीस वर्षांत आमच्या कारखान्यातही हे कोणाला सुचलं नव्हतं.

वृषालीने तिच्या निळ्या चपला फळीवर ठेवल्या. "हे पाहून ठेव."

"मला दिसतंय."

वारा उशिरा आला, तीन वाजता. चौदा जोड. मी चौदा जोड डोळ्यांत भरून ठेवले, कोणाचा पट्टा तुटका, कोणाची टाच झिजलेली. नरसिंगराव शेजारी ठिगळ लावत बसले होते. गप्पांच्या ओघात ते सहज म्हणाले, "पाणी आलें तेव्हां तुमच्या लेकीनें चांगलें धैर्य धरलें."

"कोणतं पाणी?"

त्यांचा हात थांबला. मला काहीच माहीत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, पण बोललेलं परत घेता येईना. दीड वर्षापूर्वी, डिसेंबरच्या वादळी पावसात वेलचेरीतले तळमजले बुडाले होते. तेव्हा ह्या संघटनेची माणसं आपल्या लांब फळ्या, दोर आणि हवेचे पंप घेऊन तिथे दोन दिवस गल्ल्यांतून हिंडली. वृषाली आणि शेजारच्या एक आजी स्वयंपाकाच्या ओट्यावर चढून बसल्या होत्या. आजींना फळीवर निजवून बाहेर काढलं, वृषाली छातीइतक्या पाण्यातून दोर धरून मागे चालत आली. मुरुगन होता, अक्काही होत्या. अक्कांनी स्वतःचं कोरडं लुगडं तिला दिलं.

त्या डिसेंबरात वृषालीने मला फोनवर सांगितलं होतं, "थोडं पाणी आलं होतं, ओसरलं." मी म्हटलं होतं, "फरशी फिनाइलने पूस."

मी अक्कांकडे पाहिलं. त्या माशांवरच्या माश्या हाकत होत्या.

त्याच वेळी पश्चिमेला, गावाच्या मागे, आभाळ काळं झालं. मुरुगनने काहीतरी ओरडून सांगितलं. वळवाचा ढग जमिनीकडून येत होता. तो आला की समुद्राचा वारा पडतो आणि उलटा, किनाऱ्याकडून आत ढकलणारा वारा सुटतो. मी शिट्टी फुंकली, जशी शिकवली होती तशी, लांब, पुन्हा लांब. पतंग एकेक करून आत वळले. उतरले. चपला उचलल्या जाऊ लागल्या. दहा. सात. चार. एक.

निळा जोड राहिला.

हिरवा पतंग दूरवर पाण्यात पडलेला दिसत होता. वारा पडला तेव्हा ती सगळ्यांत लांब होती. आता उलटी झुळूक माझ्या पाठीवर लागत होती, म्हणजे तिला ती आत नेत होती. मी उठले. मी पाण्याकडे धावणार होते, पोहता येत नसताना. सेल्वी अक्कांनी माझं मनगट धरलं. मासे कापणाऱ्या बाईच्या हाताला केवढी ताकद असते हे मला तेव्हा कळलं.

त्या म्हणाल्या, आणि हे मला भाषांतराशिवाय समजलं, "अम्मा. उक्कारु." आई, बस.

फळीवरचा माणूस फळी सोडत नाही. मीही माझ्या माणसांना हेच शिकवलं होतं. मी बसले. निळ्या चपलांकडे पाहत राहिले. डाव्या चपलेच्या अंगठ्याशी खड्डा पडला होता, लहानपणापासून ती डावा अंगठा दाबून चालते. होडी निघाल्याचा आवाज आला, मी मान वर केली नाही. बाहेर आलेल्या तेरा जणांपैकी एकही घरी गेला नाही. पाऊस पडू लागला तरी सगळे फळीभोवती उभे होते.

वीस मिनिटं म्हणतात. असतील.

ती चालत आली, मुरुगनच्या मागून, गुंडाळलेला पतंग खांद्यावर घेऊन. पतंग तराफ्यासारखा उलटा करून ती त्याला धरून तरंगत राहिली होती, तसंच शिकवलेलं असतं. ओठ निळे पडले होते. माझ्यासमोर येऊन ती थांबली आणि तिने चपला पायात घातल्या. मग अक्कांनी फळीवरून हात फिरवला आणि "सेरि" म्हटलं. तेव्हाच सगळे हलले.

मी अक्कांचे हात धरले. मला तमिळ येत नाही. मराठीतच म्हटलं, "डिसेंबरचंही मला आजच कळलं." त्यांना शब्द कळले नसतील. त्यांनी माझ्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली आणि दोन बांगडे केळीच्या पानात बांधून दिले. मी मासे खात नाही, हे मी सांगितलं नाही. वृषालीने रात्री तळून खाल्ले.

शेवटच्या दिवशी दुपारी नरसिंगरावांच्या अड्यारच्या घरी जेवायला गेलो. त्यांच्या पत्नीने डांगर पच्चडी केली होती, म्हणजे आपलंच उडदाचं डांगर, दह्यात कालवलेलं. पहिल्या घासाला माझ्या माहेरचं स्वयंपाकघर आठवलं. "तुम्हांकडे हें अजून करितात की?" त्यांनी विचारलं. करतो, मी म्हटलं, पण इतकं चांगलं नाही. मी असं सहसा बोलत नाही.

संध्याकाळी सेंट्रलला गाडी लागली. वृषालीने सामान चढवलं, खिडकीपाशी उभी राहिली. तीन दिवस तिने विचारलं नव्हतं. आता विचारलं.

"आई, तू अजून काही सांगितलं नाहीस."

"पाण्यातून बाहेर आलीस की फळीचा फोटो पाठवायचा. रिकाम्या फळीचा. दर वेळी."

"म्हणजे हो?"

"म्हणजे फोटो."

ती हसली, मग रडली, मग म्हणाली, "आणि पुराचं सांगितलं नाही म्हणून रागावलीस?"

"त्याचं घरी आलीस की बोलू. कपाट विटांवरच ठेव."

कोणाला जायचं असेल तर जूनमध्ये जा, ऊन सोसत असेल तर. टोपी न्या, ताक पीत राहा, बसला सुटे पैसे ठेवा. शनिवारी गेलात तर बायकांना पोहणं शिकवताना दिसेल. मलाही बोलावलंय, साठी उलटली असली तरी. आणि घुमटीपाशी फळी दिसली तर चपला जमिनीवर काढा.

घरी येऊन सहा आठवडे झाले. माझी भीती गेलेली नाही, ती जाईल असं मला वाटतही नाही. पण आता त्या भीतीला फळी आहे, शिट्टी आहे, मुरुगनची होडी आहे. त्या बिल्ला विसरलेल्या कामगाराच्या घरी गेल्या महिन्यात जाऊन आले. ते नव्वदीला टेकले आहेत, त्यांना तो प्रसंग आठवेना. मला आठवतो, हे सांगून आले.

रविवारी संध्याकाळी मी स्वयंपाक करून ठेवते आणि पानं घेत नाही. आमचे हे आता विचारत नाहीत, पेपर वाचत बसतात. काल फोटो साडेसहाला आला. ओली, रिकामी फळी आणि कडेला सेल्वी अक्कांची अनवाणी पावलं. मी फोन उताणा ठेवला आणि ताटं मांडली.